राजा झालेली राणी : हॅटशेपसूत आणि तिचे कुटुंब



इजिप्तचं नाव काढलं की मुलं लगेच "पिरॅमिड! ममी!" म्हणून ओरडतात. राणी विचारली तर क्लिओपात्रा. पण तिच्याही सुमारे १४०० वर्षे आधी इजिप्तच्या गादीवर एक स्त्री बसली होती, तीही राजा म्हणून. तिचे नाव हॅटशेपसूत. या नावाचा अर्थ 'थोर स्त्रियांमध्ये अग्रणी'.

तिची गोष्ट मी वर्गात सांगितली आणि चुकीची सांगितली. कशी, ते पुढे येईलच.

तिचे कुटुंब

हॅटशेपसूत ही राजा पहिला थुटमोस आणि राणी अहमोस यांची मुलगी. तिचे लग्न दुसऱ्या थुटमोसशी, म्हणजे सावत्र भावाशी झाले. इजिप्तच्या राजघराण्यात तेव्हा अशी लग्ने होत. मुलांना इथे आश्चर्य वाटतेच, तेव्हा ती त्या काळची रीत होती एवढे सांगून पुढे जावे.

त्यांना नेफेरुरे नावाची मुलगी झाली. तिचा सांभाळ आणि शिक्षण सेनेनमुत या अधिकाऱ्याकडे होते. तो साध्या घरातून वर आलेला माणूस. त्याचा एक पुतळा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात छोटी नेफेरुरे त्याच्या झग्यात गुंडाळून बसलेली आहे. आपण शिक्षकांनी मुलांना आवर्जून दाखवावे असे हे चित्र आहे.

दुसऱ्या थुटमोसला इसेत नावाच्या दुसऱ्या पत्नीपासून एक मुलगा होता. तोच तिसरा थुटमोस.

राणीची राजा कशी झाली?

पती वारला तेव्हा हा मुलगा अगदी लहान होता. गादी त्याच्या नावावर, पण कारभार सावत्र आईच्या हाती. सातव्या वर्षापर्यंत तिने राजाच्या सगळ्या पदव्या घेतल्या होत्या. पुतळ्यांत आणि कोरीव चित्रांत ती राजाचा पोशाख आणि राजाची नकली दाढी लावून दिसू लागली. मुलाला मात्र तिने बाजूला सारले नाही. कागदोपत्री वर्षे त्याच्याच राज्याची मोजली जात होती.

तिचा काळ साधारण इ.स.पू. १४७९ ते १४५८. या काळात तिने देर-अल-बहरी येथे तीन टप्प्यांचे भव्य मंदिर बांधले. पुंत देशाला जहाजे पाठवून सुगंधी धुपाची झाडे मुळांसकट टोपल्यांतून आणली. कर्नाकच्या मंदिरात तिने उभारलेला एकाच दगडाचा स्तंभ आजही उभा आहे. त्याची उंची सुमारे २९ मीटर, म्हणजे जवळपास नऊ-दहा मजली इमारतीएवढी!

नाव कोणी खोडले?

तिच्यानंतर तिसरा थुटमोस एकटा राजा झाला आणि मोठा सेनानी ठरला. त्याच्याच काळात तिची चित्रे छिन्नीने खरवडली गेली, पुतळे फोडून खड्ड्यात टाकले गेले.

वर्गात मी सांगून टाकले, "सावत्र आईने राज्य घेतले म्हणून मुलाने सूड उगवला." फळ्यावर सनावळी होतीच. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग तो वीस वर्षं थांबला कशाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. घरी येऊन पुन्हा वाचायला बसले. खरेच, ही तोडफोड तिच्या मृत्यूनंतर साधारण वीस वर्षांनी सुरू झाली. रागाच्या भरात कोणी इतकी वर्षे थांबत नाही. शिवाय तिची 'राणी' म्हणून असलेली चित्रे बरीचशी तशीच राहिली, 'राजा' म्हणून असलेली मात्र खोडली गेली. त्यामुळे आज अनेक अभ्यासकांना वाटते की कारण वैयक्तिक रागापेक्षा राजकीय असावे. आपल्या मुलाचा गादीवरचा हक्क पक्का व्हावा आणि 'स्त्री राजा' ही गोष्ट नोंदीत राहू नये, असा हेतू असावा.

सावत्र आई वाईट आणि सावत्र मुलगा दुष्ट, हे आपण परीकथांमधून उचलतो आणि इतिहासावर चिकटवतो. वर्गात सावत्र आई असलेली मुलेही बसलेली असतात, हे तेव्हा माझ्या लक्षातच आले नाही.

व्याकरणाने शोधून काढले

१८२९ मध्ये चित्रलिपी उलगडणारा शाँपोलियाँ देर-अल-बहरीला गेला. चित्रात दाढीवाला राजा, पण शेजारच्या मजकुरात शब्द स्त्रीलिंगी! तो चक्रावला. प्राचीन इजिप्शियन भाषेत 'सा' म्हणजे मुलगा आणि 'सात' म्हणजे मुलगी. हा शेवटचा 'त' छोट्या पावाच्या चित्राने लिहीत. खोडणाऱ्यांनी नाव काढले, पण असे बारके 'त' अनेक ठिकाणी राहून गेले.

लिंग शिकवताना हे उदाहरण जरूर वापरा. फळ्यावर "राजा आला" आणि "राजा आली" लिहा, आणि दुसऱ्या वाक्यातला राजा कोण असेल ते मुलांना ओळखू द्या. पालकांनी घरी हाच खेळ घ्यावा.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी वर्गासमोर सांगितले, "तुझा प्रश्न बरोबर होता, माझी गोष्ट चुकली होती." त्या दिवसापासून वर्गात हात जास्त वर होतात.

तुमच्या वर्गात हा पाठ कसा झाला, नक्की कळवा.