दिवसाची लाईन

चांदूर बाजारकडच्या संत्रावाल्याच्या पोराला सुट्टीतही झोप नसते. गावी गेलो की बाबा म्हणतात, "राती लाईन हाये, बॅटरी घे." सगळे पंप एकदम चालले तर भार पेलत नाही, म्हणून शेतीला थ्री फेज वीज पाळीने मिळते, दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास. आंबिया बहाराचा ताण तोडायचा तो ऐन जानेवारीत. त्या थंडीत, विंचू-सापाच्या भीतीने चाचपडत मोटार सुरू करायला जायचे.

यावर उपाय काय? प्रत्येकाने शेतात पॅनल लावता येते, पण ओलीत नसेल तेव्हा ती वीज बहुधा वाया जाते. दुसरा मार्ग सामाईक आहे. २०१७ साली राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. वाहिनी म्हणजे आपला फीडर. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज तिथल्याच ११ केव्ही बसबारला जोडायची. शेतीचा फीडर गावठाणापासून वेगळा असला की पंपांना दिवसा वीज देता येते. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यात धोंदलगावला सुरू झाला, ३ मेगावॅटचा.

आता थोडा हिशेब. ५ एचपीची मोटार म्हणजे ३.७३ किलोवॅट, मोटारीतली तूट धरून साडेचार म्हणू. म्हणजे १ मेगावॅट भर उन्हात सुमारे २२० मोटारी ओढेल. ढग आले तर उरलेली वीज ग्रिड देते, पावसाळ्यात मोटारी बंद असल्या तर जास्तीची वीज ग्रिडमध्ये जाते. मात्र ग्रिड गेली की इन्व्हर्टरही बंद पडतो, आणि जळालेली डीपी काही सूर्य दुरुस्त करत नाही!

कोणी म्हणेल, एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचे बिल माफच आहे, मग शेतकऱ्याला फायदा कोणता? फायदा उजेडाचा. बिल माफ झाले तरी रात्रीची पाळी चुकत नाही.

अडचण जागेची. मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडे आहे. ई-क्लास जमीन द्यायची तर गुरे कुठे चरतील हे ग्रामसभेने आधी ठरवावे. सिंगल लाईन डायग्राम आपल्याला काढता येतो. पुढच्या ग्रामसभेत तो फळ्यावर काढून समजावणारा एक तरी इंजिनिअर प्रत्येक गावाला मिळावा. आमच्या गावापुरता मी तयार आहे, बाबांना तसे सांगितलेही आहे.