विकराचे माप व व्यापाऱ्याचा हिशेब

तापीच्या उत्तरेस वसलेले आपले कोसाड आज सुरत शहराचाच एक भाग झाले आहे, आणि सुरत म्हटले की कापड आलेच. सुती कापड विणताना ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांस पिष्टाची खळ देतात. रंगाईपूर्वी ही खळ पूर्णपणे निघाली नाही, तर रंग डागाळतो व सबंध माल परत येतो. खळ काढण्यासाठी अमायलेज नावाचे विकर, म्हणजेच एन्झाइम, वापरतात. पायेन व पेर्सो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८३३ साली मोड आलेल्या जवापासून ते प्रथम वेगळे केले. पुढे ते जनावरांच्या स्वादुपिंडापासूनही काढीत. आज ते मुख्यतः सूक्ष्मजीवांपासून मिळते.

विकर किलोवर विकले जाते. परंतु त्याचे खरे मोल वजनात नसून कार्यशक्तीत असते. ठराविक परिस्थितीत दर मिनिटास एक मायक्रोमोल द्रव्याचे रूपांतर करणारी शक्ती म्हणजे एक एकक होय. १९९९ साली ‘कटाल’ या एककासही आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तथापि अनेक उत्पादक स्वतःचीच एकके छापतात. म्हणून उष्णतामान, आम्लता व कसोटीची रीत एकच असल्याखेरीज दोन डब्यांवरील आकड्यांची तुलना करणे व्यर्थ होय.

उदाहरणार्थ, ‘अ’ माल ३०० रुपये किलो, दर ग्रॅमला १,००० एकके. ‘ब’ माल ४५० रुपये, २,००० एकके. दहा लाख एककांस ‘अ’ ३०० रुपयांस पडतो, तर ‘ब’ २२५ रुपयांस. अर्थात ‘ब’ स्वस्त! परंतु कुंडातील उष्णतेत तासाभरानंतर ‘अ’ची नऊ-दशांश व ‘ब’ची निम्मीच शक्ती उरली, तर उरलेल्या शक्तीचा भाव अनुक्रमे सुमारे ३३३ व ४५० रुपये होतो. हिशेब उलटला!

अखेरची साक्ष कापडाचीच. धुतलेल्या तुकड्यावर आयोडीनच्या द्रावणाचा थेंब टाकावा. गडद निळा डाग उठला तर खळ शिल्लक आहे असे समजावे. तेगेवा नावाच्या मापनपट्टीवर या रंगास १ ते ९ असे गुण देतात. ९ म्हणजे खळ पूर्ण निघाली. मात्र कृत्रिम धाग्यांवरील पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या खळीवर अमायलेजचा काहीही परिणाम होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

तात्पर्य, खरेदीपूर्वी एकक कोणत्या रीतीने मोजले हे विचारावे, माल थंड जागी ठेवावा आणि जुना साठा पुन्हा तपासून मगच वापरावा. तराजू चोख असणे हे व्यापाऱ्याचे भूषण. विकराचा तराजू तेवढा निराळा आहे.