‘हार्टब्लीड’: तराजू विसरलेली गिरणी

फोनवर अपडेट आलं की खाली बारीक अक्षरांत एक ओळ असते: ‘सुरक्षेतील त्रुटी दूर केल्या.’ त्रुटी कसली होती, कुणाला सापडली, दूर केली म्हणजे नेमकं काय केलं, याचा त्यात पत्ता नसतो. हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी एप्रिल २०१४ मधलं ‘हार्टब्लीड’ प्रकरण जरूर पाहावं. जगाची झोप उडवणारा तो बिघाड समजायला बेरीज-वजाबाकी पुरते.

वेबसाइटशी होणारं बोलणं वाटेत कुणाला वाचता येऊ नये, हे काम त्या काळी असंख्य सर्व्हरांवर ‘ओपनएसएसएल’ नावाची लायब्ररी करत असे. फुकट, मुक्त, कुणीही उघडून वाचावी अशी. दोन यंत्रांमधला दुवा अजून चालू आहे ना, हे तपासायला २०१२ मध्ये तिच्यात ‘हार्टबीट’ची सोय आली. एका यंत्रानं चार अक्षरं पाठवायची, त्यांची लांबी सांगायची. दुसऱ्यानं तीच अक्षरं परत करायची. बस.

आता पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणा. गिऱ्हाईक डब्यात किलोभर गहू ठेवतं आणि चिठ्ठीवर लिहितं ‘चाळीस किलो’. गिरणीवाला तराजूकडे न बघता चिठ्ठी वाचतो आणि चाळीस किलो भरून देतो. आधी गिऱ्हाइकाचं स्वतःचं पीठ, मग शेजारच्या डब्यातली कुणाची ज्वारी, त्यापुढे कुणाची थालिपिठाची भाजणी!

ओपनएसएसएलचं अगदी असंच झालं होतं. लांबी लिहायला दोन बाइट, म्हणजे थाप मारायची कमाल मर्यादा ६५,५३५. पाठवलेलं अक्षर एकच असलं तरी सर्व्हर त्याच्यापुढची मेमरी, जवळजवळ ६४ किलोबाइट, उचलून हवाली करी. तिथे त्या क्षणी कुणाचा पासवर्ड असे, कुणाचा मजकूर. हवं तितक्या वेळा मागावं, आणि सर्व्हरच्या नेहमीच्या नोंदींत चोरीची खूणही उरू नये.

हा कोड जर्मनीतल्या रॉबिन सेगलमान या संशोधकाचा. स्टीफन हेन्सन यांनी तो तपासून ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री मूळ संचात घातला, आणि पुढची दोन वर्षं तो जगभर बिनबोभाट चालला. कोड उघडा असला की चूक कुणाच्या तरी नजरेला पडतेच, या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या लाडक्या श्रद्धेला हा चांगलाच धक्का होता. वाचायला मुभा सगळ्यांनाच होती. वाचायला बसलं कोण?

चूक सापडली तीही एकदम दोघांना: गूगलचे नील मेहता आणि फिनलंडची कोडनॉमिकॉन ही कंपनी, दोघांनी स्वतंत्रपणे. ७ एप्रिलला ती जाहीर झाली. गूगलनं आपले सर्व्हर आधीच नीट करून घेतले होते, याहू मात्र उघड्यावर सापडलं. कुणाला आधी सांगायचं, हा प्रश्न अशा दुरुस्तीत नेहमीच गैरसोयीचा असतो.

दुरुस्ती गूगलच्याच अ‍ॅडम लँग्ली आणि बोडो म्योलर यांनी लिहिली. तिचा गाभा एका ओळीचा. पाठवणाऱ्यानं सांगितलेली लांबी घ्या. तिच्यात संदेशाच्या प्रकाराचा १ बाइट, लांबीचे २ आणि भरतीचे १६ मिळवा. बेरीज प्रत्यक्षात आलेल्या संदेशाहून जास्त भरली तर उत्तर न देता संदेश टाकून द्या. शेजारच्या टिपणीत हवाला आहे तो आरएफसी ६५२० च्या चौथ्या कलमाचा. गंमत म्हणजे हार्टबीटचे नियम सांगणारा हा दस्तऐवज लिहिणाऱ्यांत स्वतः सेगलमानही होते! नियम कागदावर होता, कोडमध्ये उतरवायचा राहिला.

पण नवी आवृत्ती, १.०.१जी, बसवून काम संपत नव्हतं. सर्व्हरची खासगी किल्ली यातून गळू शकते का, अशी शंका क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीलाही होती. त्यांनी मुद्दाम एक कच्चा सर्व्हर मांडून आव्हान दिलं आणि काही तासांतच किल्ली बाहेर आली. म्हणजे त्या किल्लीवर बेतलेली, सर्व्हरची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं रद्द करा, नवी घ्या, मग लोकांना पासवर्ड बदलायला सांगा. कॅनडाच्या कर खात्यातून तोवर सुमारे ९०० लोकांचे विमा क्रमांक गेलेही होते.

कोडनॉमिकॉननं या त्रुटीला नाव दिलं, रक्त ठिबकणाऱ्या हृदयाचं चिन्ह दिलं. तेव्हापासून किरकोळ त्रुटींचीही बारशी होऊ लागली, हा त्यातला वैताग. बातम्यांनी सेगलमानना झोडपलं. खरी बातमी ओपनएसएसएलच्या जमाखर्चात होती: वर्षाला देणग्या सुमारे २,००० डॉलर आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच, हेन्सन. निम्मं इंटरनेट ज्याच्या भरवशावर चाललं होतं, त्या माणसाचं नाव आजही फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि हे लाजिरवाणं आहे. गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक यांच्यासारख्या कंपन्यांनी त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनमार्फत पैसे कबूल केले. तोवर त्यांनी ही लायब्ररी फुकटच वापरली होती.

जानेवारी २०१७ मध्ये ‘शोडान’ या शोधयंत्रानं मोजदाद केली. त्या एका ओळीच्या दुरुस्तीला पावणेतीन वर्षं झाली होती, तरी जवळपास दोन लाख ठिकाणी जुनीच आवृत्ती चालू होती.