इतिहास शिकायचा, तोही विलायतेत!

"इतिहास शिकून पुढे करणार काय?" हा प्रश्न डँडेनॉन्गच्या मराठी घरांत विचारला जातो तेव्हा त्यात राग कमी आणि धास्ती जास्त असते. आपल्यापैकी बहुतेक जण इंजिनिअर, अकौंटंट, नर्स, नाहीतर संगणकवाले. मूल व्हीसीईला केमिस्ट्री आणि मॅथ्स घेऊन बसले की पुढची वाट आपल्याला तोंडपाठ असते. पण मुलीने 'हिस्टरी: रिव्होल्यूशन्स' हा विषय घेतलेला असतो. फ्रान्स आणि रशिया पालथे घालून ती जेवायच्या टेबलावर जाहीर करते, "मला इंग्लंडला जाऊन इतिहासच शिकायचाय." इथे आपली गाडी अडते. म्हणून हा लेखप्रपंच.

अर्ज भरणे तसे सोपे आहे. ब्रिटनमधील जवळजवळ सर्व विद्यापीठांसाठी यूकॅस ही एकच संस्था आणि एकच अर्ज. त्यात जास्तीत जास्त पाच पसंती देता येतात, आणि तुम्ही आणखी कुठे अर्ज केला आहे हे एका विद्यापीठाला दुसऱ्याचे कळत नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्हींना मात्र एकाच वर्षी अर्ज करता येत नाही. इंग्लंडमध्ये इतिहासाची पदवी साधारण तीन वर्षांची असते, स्कॉटलंडमध्ये चार. एडिंबरा किंवा सेंट अँड्र्यूज या पहिल्याच पदवीला 'एम.ए.' म्हणतात, तेव्हा मुलगी एकदम एम.ए.ला बसली असे आजीला कळवण्याची घाई नको!

खरी कसोटी लागते ती अर्जासोबतच्या निवेदनात. २०२६च्या प्रवेशांपासून हे निवेदन तीन प्रश्नांत विभागले आहे: हा विषय का, शाळेतल्या अभ्यासाने काय तयारी झाली, आणि शाळेबाहेर काय केले. तिन्ही मिळून मोकळ्या जागांसह चार हजार अक्षरे. हेच निवेदन पाचही ठिकाणी जाते. आपली मुले इथे हमखास एक चूक करतात. 'लहानपणापासून आजोबांनी शिवाजी महाराजांच्या गोष्टी सांगितल्या, म्हणून मला इतिहास आवडतो,' असे लिहितात. ते मनापासून असते, पण वाचणाऱ्या प्राध्यापकाला त्यातून मुलगी विचार कसा करते हे कळत नाही.

याच गोष्टीतून खरा प्रश्न काढता येतो. साताऱ्यास कंपनीचा अधिकारी म्हणून राहिलेल्या जेम्स ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास लिहिला, तो १८२६ साली प्रसिद्ध झाला. पुढे १८६०च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने त्याच्यावर जाहीर टीका लिहिली. त्यानंतर वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे उपसून अस्सल पत्रे गोळा केली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला. आता प्रश्न असा: डफने कोणते कागद पाहिले, कोणते नाहीत? बखर जे सांगते ते त्या काळच्या पत्रात का सापडत नाही? कंपनीच्या नोकराने लिहिले म्हणून ते सगळेच टाकाऊ ठरते का? यांपैकी एकाच प्रश्नाशी मुलीने महिनाभर झटापट केली आणि आपले मत कुठे बदलले ते प्रामाणिकपणे लिहिले, तर ते निवेदन शंभरांत उठून दिसेल. घरात मराठी बोलली जाते, हे या विषयात ओझे नसून भांडवल आहे. मोडीची तोंडओळख असेल तर सोन्याहून पिवळे. कंपनी सरकारचे प्रचंड दप्तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, हेही विलायतेला जाण्याचे एक चांगले कारण होऊ शकते.

आता पैशांचे. परदेशातल्या पूर्ण पदवीसाठी हेक्स-हेल्प मिळत नाही, हे आधी मनाशी पक्के करा. इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्यांच्या फीची मर्यादा २०२५-२६ साली ९,५३५ पौंड होती. बाहेरच्यांची फी बऱ्याच ठिकाणी त्याच्या दुपटीहून अधिक असते. शिवाय व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार, २०२४च्या वाढीनंतर विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड. आपल्यातली काही कुटुंबे इंग्लंडमार्गे इथे आली. त्यांनी लक्षात ठेवावे की नुसत्या ब्रिटिश पासपोर्टवर स्थानिक फी लागत नाही. त्यासाठी अभ्यासक्रमाआधीची तीन वर्षे तिथले वास्तव्य पाहतात.

माझे मत विचाराल तर हा आकडा झेपत नसेल तेव्हा मोनॅशला पदवी घ्यावी. क्लेटन आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. मधले एक सत्र ओएस-हेल्पचे कर्ज काढून परदेशी करावे, आणि ब्रिटनमधली एक वर्षाची एम.ए. नंतर करावी. उशीर म्हणजे नकार नव्हे. बाबासाहेब आंबेडकर १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना परतावे लागले. पण चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी मिळवून ठेवली होती. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज घेऊन ते १९२० साली परत गेले. १९२३ साली डी.एस्सी. झाले. प्रबंध अर्थशास्त्राचा, पण त्यातला मोठा भाग रुपयाचा इतिहासच आहे.

शेवटी वेळापत्रक, कारण घोळ तिथेच होतो. ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबर, म्हणजे ऐन व्हीसीईच्या परीक्षेच्या तोंडावर. तिथे जायचे तर सप्टेंबरच्या सुट्टीतच सगळे तयार हवे. बाकीच्या बहुतेक विद्यापीठांची मुदत जानेवारीत असते, आणि इथे आपल्या मुलांचे पारडे जड आहे. ब्रिटिश मुले शिक्षकांनी वर्तवलेल्या गुणांवर अर्ज करतात. त्यांचा निकाल ऑगस्टमध्ये लागतो. आपल्याकडे एटार डिसेंबरच्या मध्यालाच हातात येतो, त्यामुळे पक्क्या गुणांनिशी अर्ज करता येतो. व्हीटॅकचा अर्जही नेहमीप्रमाणे भरून ठेवावा. इथली जागा वर्षभर पुढे ढकलता येते का, ते विद्यापीठाला विचारून घ्यावे.

एकच अडचण आहे. शिक्षकांच्या शिफारसपत्राशिवाय अर्ज पुढे जात नाही, आणि जानेवारीत शाळेला कुलूप असते. त्यातून डिसेंबरात आपण सारे लग्नकार्याला पुण्या-मुंबईला. तेव्हा भारताची तिकिटे काढण्यापूर्वी, शाळा चालू असतानाच, इतिहासाच्या शिक्षकांना गाठून ते पत्र लिहून घ्या.