बोलका 'पॅन्टोमाइम'

'पॅन्टोमाइम' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो पांढरा रंग फासलेला चेहरा आणि नसलेल्या भिंतीवरून फिरणारे हात. मराठीत त्याला मूकाभिनय हा प्रतिशब्दही रूढ आहे. इंग्लंडमध्ये मात्र नाताळच्या सुमारास 'पॅन्टो'ला गेलेले मूल घसा बसवून घरी येते. तेथे नट बोलतात, गातात, प्रेक्षकांशी हुज्जत घालतात आणि खलपुरुष मागून आला, की सारे नाट्यगृह 'तो बघ तुझ्या मागे!' असे ओरडते. एकाच शब्दाला असे विरुद्ध अर्थ कसे चिकटले? उत्तर बऱ्याच अंशी कायद्यात सापडते.

लंडनमध्ये अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉन रिच याने इटालियन विनोदी नाट्यातील हार्लेक्विन हे पात्र एकही शब्द न उच्चारता रंगविले आणि लोकप्रिय केले. हार्लेक्विनच्या हाती दोन फळ्यांची काठी असे. ती आपटली की आवाज मोठा होई, मार मात्र लागत नसे. 'स्लॅपस्टिक' हा शब्द या काठीचाच वारसा. पुढे १७३७च्या कायद्याने संवादप्रधान नाटकाचा अधिकार मुख्यतः ड्रुरी लेन व कॉव्हेंट गार्डन या दोन सनदी नाट्यगृहांपुरता उरला. इतरांनी करायचे काय? संगीत, नृत्य, कसरती आणि मूकनाट्य! शब्दांवर पहारा बसला, तेव्हा देहाला बोलावे लागले.

अर्थात, सनदी रंगभूमीलाही या प्रकाराने होणारी गर्दी हवीच होती. २९ डिसेंबर १८०६ रोजी कॉव्हेंट गार्डनमध्ये 'मदर गूज' रंगमंचावर आले आणि जोसेफ ग्रिमाल्डीच्या विदूषकाने हार्लेक्विनलाही मागे टाकले. त्याची किंमत त्याच्या शरीराने चुकवली. १८२८ साली, पन्नाशीही गाठली नसताना, निरोपाच्या प्रयोगात त्याला बसूनच काम करावे लागले.

१८४३ साली सनदी मक्तेदारी संपली आणि कोंडलेले शब्द धबधब्यासारखे कोसळले. कोट्या, शाब्दिक कसरती, चालू घडामोडींवरचे टोमणे यांनी मूकनाट्याची जागा बळकावली. १८६१च्या 'अल्लादीन'मध्ये नायकाच्या आईला एका चहाचे नाव मिळाले, 'विडो ट्वँकी'. ही आई म्हणजे साडी नेसलेली नव्हे, झगा घातलेली आपली तमाशातील मावशीच! बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकेत पुरुष विसरला जावा, ही अपेक्षा. येथे तो क्षणभरही विसरला जाता कामा नये, हीच गंमत. नायक मात्र परंपरेने तरुणी रंगवते. २००४ साली इयन मॅकेलन यांच्यासारख्या शेक्सपिअरच्या भूमिकांत मुरलेल्या नटाने लंडनच्या 'ओल्ड व्हिक'मध्ये ही ट्वँकी साकारली, त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही.

नाक मुरडणारे समीक्षक तेथेही आहेत. पण २०२०च्या नाताळात कोरोनामुळे बहुतेक पॅन्टो रद्द झाले, तेव्हा अनेक गावांतील नाट्यगृहांच्या वर्षभराच्या हिशेबालाच भगदाड पडले. एरवी गंभीर नाटकांचा तोटा हाच गोंगाट भरून काढतो.