गणेशगुडीची जीप

कोल्हापुरात जुन्या मोटारीचे कौतुक कोणी कोणाला शिकवायला नको. दसऱ्याला छत्रपती राजाराम महाराजांची 'मेबॅक' बाहेर निघाली म्हणजे आपट्याची पाने हातात घेतलेली माणसेही क्षणभर मान वळवून तिच्याकडे पाहतात. पण मी आज सांगणार आहे ती गोष्ट राजवाड्यातल्या गाडीची नाही. ती आहे एका पत्र्याच्या, धुळीने माखलेल्या, अकरा वर्षे गोठ्यात उभ्या असलेल्या जीपची, आणि तिच्या इंजिनासाठी आम्हांला मिळालेल्या एकवीस दिवसांची.

माझे आजोळ सुप्याचे. पुण्याजवळचे सुपे नव्हे. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावरचे, उत्तर कानडा जिल्ह्यातले सुपे. हा जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, आणि सुपे हे तालुक्याचे गाव होते. आज ते नकाशावर शोधू नये. काळी नदीवर गणेशगुडीला 101 मीटर उंचीचे धरण बांधले गेले, 1987 मध्ये ते पुरे झाले, आणि सुपे पाण्याखाली गेले. कचेरी जोयड्याला गेली, माणसे रामनगरला आणि जिथे थारा मिळाला तिथे गेली. माझ्या मामाने गणेशगुडीतच, धरणाच्या कामावरच्या वस्तीजवळ, चार खोल्यांचे घर बांधले. "गाव दिसत नसलं तरी गावावरचं पाणी तरी दिसेल," असे तो म्हणे.

जीप आजोबांची. ते लाकडाच्या ठेक्यांची कामे करीत. दुसरे महायुद्ध संपल्यावर सैन्याच्या जुन्या गाड्या डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या, त्यांतली ही एक. याच जीपने, धरणात पाणी अडू लागले त्या वर्षी, मामाने सुप्याच्या घरातले सामान बाहेर काढले. शेवटच्या खेपेला देव्हारा, पाटा-वरवंटा आणि परसातल्या अबोलीची रोपे होती, असे मामी सांगते. मामा गेला आणि गाडी गोठ्यात गेली.

2024 साली रामनवमी झाल्यावर दोन दिवसांनी, 19 एप्रिलला, मी मामीला भेटायला गेलो. मामी आता चौऱ्याऐंशीची. मुलगा पुण्याला, त्याने तिला कायमचे न्यायचे ठरवले होते. घराचा व्यवहारही झाला होता. अक्षय्य तृतीया 10 मे रोजी होती, आणि दुसऱ्या दिवशी तिने निघायचे होते. चहाचा कप माझ्यापुढे ठेवीत ती म्हणाली, "बाबू, मला जाण्याआधी एकदा सुप्याच्या पाण्यापर्यंत ने. नारळ द्यायचा राहिलाय."

"त्यात काय, मामी! उद्याच माझ्या गाडीतून जाऊ या."

"तुझ्या गाडीतून नको. ज्या गाडीतून बाहेर आले, त्याच गाडीतून जायचं."

मामीने आयुष्यात फारसे काही मागितल्याचे मला आठवत नाही. मी गोठ्यात जाऊन हँडल फिरवून पाहिले. ते रेसभरही हलले नाही.

येथे वाचकांना या इंजिनाविषयी थोडे सांगितले पाहिजे. जीपचा जन्मच मुळी मुदतीतला. 1940 च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांना जोर पोचणारी गाडी हवी होती, आणि नमुन्याची पहिली गाडी एकोणपन्नास दिवसांत दारात उभी करा, अशी अट होती. सव्वाशेहून अधिक कारखान्यांना विचारणा झाली. पुढे आले ते दोनच. त्यांतल्या बँटम या छोट्याशा कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला बोलावले. त्याने दोन दिवसांत आराखडा काढला, आणि 23 सप्टेंबरला, पाचच्या ठोक्याला मुदत संपायची असताना, अर्धा तास आधी गाडी छावणीच्या फाटकात नेली. परंतु मोठे काम मिळाले ते विलीजला, कारण विलीजचे इंजिन अधिक जोरकस होते. बार्नी रूस या अभियंत्याने एका जुन्या, अठ्ठेचाळीस अश्वशक्तीच्या इंजिनाची एकेक उणीव काढून त्याला साठापर्यंत आणले होते. चार सिलिंडर, 2200 सी. सी., व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसून बाजूला ब्लॉकमध्ये. लोकांनी त्याला 'गो-डेव्हिल' नाव दिले. युद्धकाळात विलीज आणि फोर्ड या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या काढल्या; त्यांतली एक आमच्या मामीच्या गोठ्यात गोवऱ्यांशेजारी उभी होती.

पहिला सल्ला सर्वांनी दिला तोच दिला : डिझेल इंजिन बसवा. आपल्याकडच्या कित्येक जुन्या जीपगाड्यांचे असेच झाले आहे. पेट्रोल महागले तसे मूळचे इंजिन भंगारात गेले. पण 2021 साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी जे नियम केले, त्यांत पन्नास वर्षांवरच्या गाडीला वेगळी नोंदणी मिळते ती तिचे मूळ रूप कायम असेल तर. इंजिन बदलले की तो मान गेला. आणि खरे सांगायचे तर नियमाची गरजच नव्हती. दुसरे इंजिन घातले असते तर मामी ते आवाजावरूनच ओळखती.

गणेशगुडीत नदीवरच्या रबरी होड्यांच्या धंद्यामुळे पर्यटकांच्या जीपगाड्या पुष्कळ. त्या दुरुस्त करणारा एक कुणबी तरुण मदतीला आला. फणसाच्या फांदीला चेनपुली बांधून आम्ही दोन दिवसांत इंजिन वर उचलले, आणि 22 तारखेला टेंपोत घालून, गोणपाटात गुंडाळून, रामनगर-बेळगाववरून कोल्हापूरला निघालो. निवडणुकीचे दिवस; कोगनोळीच्या नाक्यावर गाडी अडवली. गोणपाट सोडून दाखवावे लागले. आत नोटांची बंडले नसून गंजलेले लोखंड आहे हे पाहून तिथला शिपाई म्हणाला, "हे घेऊन कोण पळणार?" त्याचे खरे होते.

उद्यमनगरात माझ्या परिचयाचे एक वृद्ध मेस्त्री आहेत. पंचगंगेच्या काठी उसाला पाणी उपसणारी ऑइल इंजिने दुरुस्त करीत त्यांच्या घराण्याच्या दोन पिढ्या गेल्या. त्यांनी इंजिनाभोवती एक फेरी मारली, ब्लॉकवर हातोडीने टिचकी मारून कान दिला, आणि विचारले, "कवा पायजे?"

"नऊ तारखेला गणेशगुडीला पोचलं पाहिजे."

"काळजी करू नगा. पण मधी मधी 'झालं का' म्हणून इचारायचं न्हाई."

ही अट पाळणे मला सर्वांत जड गेले.

सिलिंडरमध्ये तेल आणि रॉकेल दोन दिवस मुरत ठेवले, मग लाकडी ठोकळा लावून पिस्टन एकेक करून खाली उतरवले. ब्लॉक कॉस्टिकच्या गरम पाण्यात उकळून निघाला, तेव्हा पहिल्यांदा त्याचा खरा रंग दिसला. मग मोजमाप. या कामात मिलिमीटर चालत नाहीत. सारा हिशेब थाऊचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा. सिलिंडर वरच्या अंगाला झिजून अंडाकृती झाले होते. ते अपेक्षितच होते. अनपेक्षित निघाले ते पुढे.

मेस्त्रींनी तिसऱ्या सिलिंडरजवळ लाल रंगाचे पातळ द्रव लावले, थोड्या वेळाने पुसून काढले आणि वर पांढरी पूड फवारली. दोन मिनिटांत त्या पांढऱ्यावर केसासारखी तांबडी रेघ उमटली : एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हच्या बैठकीपासून थेट सिलिंडरच्या भिंतीपर्यंत. या जातीच्या इंजिनाचे हे जुने दुखणे. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असल्यामुळे तिथली भिंत अरुंद, आणि जळालेल्या वायूची सारी धग तिच्यावर. तारीख होती 25 एप्रिल. ब्लॉक गेला तर सारेच गेले.

"वेल्डिंग?" मी विचारले.

"बीड हाय ते," मेस्त्री म्हणाले. "एका जाग्याला तापवलं की दुसऱ्या जाग्याला रुसतंय. शिवावं लागंल."

आणि त्यांनी ते खरोखरच शिवले. रेघेच्या टोकापासून सुरुवात करून बारीक भोक पाडायचे, त्यात आटे पाडायचे, धातूची खुंटी पिळून बसवायची, वरचे टोक कापायचे. पुढचे भोक असे पाडायचे की ते आधीच्या खुंटीचा थोडा घास घेईल. अशा एकात एक गुंतलेल्या खुंट्यांची ओळ तयार झाली. वर व्हॉल्व्हसाठी नवी बैठक ठोकून बसवली, सिलिंडरमध्ये लायनर घातला. आगीचा स्पर्शसुद्धा नाही. चार दिवस ते काम चालले होते, आणि मेस्त्री त्या चार दिवसांत कोणाशी फारसे बोलले नाहीत. दाबाची हवा भरून ब्लॉक पाण्यात बुडवला, तेव्हा एकही बुडबुडा आला नाही. ते फक्त "हूं" म्हणाले आणि तंबाखू मळू लागले.

1 मे रोजी महाराष्ट्र दिनाची सुट्टी. 2 मेला बाहेरगावाहून मागवलेले क्रँकचे शेल आले. आम्ही मागवले होते वीस थाऊचे; पुडक्यातून निघाले तीस थाऊचे. माझा धीर सुटला. परत पाठवून बदली माल यायचा म्हणजे आठवडा गेला. दुकानदाराला फोन करून मी बरेच काही बोललो. ते येथे लिहिण्यासारखे नाही. मेस्त्री मात्र शांत. क्रँक अजून तसाच फळीवर होता. "शेल हातात आल्याबिगर क्रँकला दगड लावायचा न्हाई, हे वडलांनी शिकवलंय. वीसऐवजी तीस घासू. पुढच्या पिढीचा थोडा वाटा आपण खाल्ला, एवढंच." शेल मोठा मिळाला तर क्रँक अजून घासता येतो, पण एकदा घासलेला क्रँक परत जाड होत नाही. थांबण्यातही एक कसब असते, हे मला साठी उलटल्यावर उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये समजले.

7 मे रोजी मतदान. सारे उद्यमनगर बंद. दुपारी मेस्त्री बोटाला शाई लावून आले, शटर अर्धे वर केले आणि पिस्टन बसवायला लागले. 8 तारखेच्या रात्री हेडचे नट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळले गेले. 9 तारखेला दुपारी इंजिन गणेशगुडीत होते.

संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि वीज गेली. धरणाच्या पायथ्याच्या वीजघरात शंभर मेगावॉट वीज करण्याची यंत्रे, आणि आम्ही हातबत्तीच्या उजेडात इंजिन खाली उतरवीत होतो! तो कुणबी तरुण भिजत फांदीवर बसून साखळी सोडीत होता. पहाटे तीन वाजता शेवटचा बोल्ट लागला.

सकाळी आठ वाजता हँडल मारायला सुरुवात केली. मी मारले, तरुणाने मारले, शेजारच्या दोघांनी मारले. इंजिन फिरत होते, पण पेट घेत नव्हते. प्लग काढून पाहिले, ठिणगी होती. तारांचा क्रम एक-तीन-चार-दोन असा बरोबर होता. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. मेस्त्रींना फोन लावला तर लागेना.

मामी ओसरीवर बसून हे सारे पाहत होती. इतक्या वेळाने म्हणाली, "तुम्ही सगळे एकदमच स्विच लावून मारता. ते तसं करायचे नाहीत. आधी स्विच बंद. ओढायचं ते ओढून ठेवायचं आणि हळू तीन फेऱ्या. मग स्विच, आणि चौथी जोरात. आणि अंगठा बोटांच्या बाजूला ठेव रे, मनगट मोडेल."

मी चोक ओढला. स्विच बंद ठेवून तीन फेऱ्या दिल्या. स्विच लावला. चौथ्या फेरीला इंजिनाने एक ठसका दिला, धूर ओकला आणि ते चालू लागले. गोठ्यातल्या कोंबड्या उडाल्या. मामी काही बोलली नाही; आत जाऊन चप्पल आणि नारळ घेऊन आली.

नव्या इंजिनाला पळवायचे नसते. आम्ही बैलगाडीच्या चालीने गेलो. झाडीत कुठेतरी धनेशाचा कर्कश आवाज येत होता. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी मागे हटते, तांबड्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडतो. वाट संपली तिथे मी गाडी उभी केली. मामी माझ्या खांद्याचा आधार घेऊन काठापर्यंत गेली. बराच वेळ तिने पाण्याकडे पाहिले. मग हात लांब करून म्हणाली, "ते पलीकडचं टेकाड दिसतंय ना, त्याच्या डावीकडे बाजार. त्याच्या खाली आपलं घर. तुझी आई तिथंच जन्मली." माझ्या डोळ्यांना नुसते पाणी दिसत होते. तिला घर दिसत होते.

नारळ तिने स्वतः सोडला. तो थोडा वेळ काठाशीच डुलत राहिला, मग वाऱ्याने हळूहळू आत गेला.

परत आलो तेव्हा मी सवयीने रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. "थंड होऊ दे आधी," मामी मागून म्हणाली, "त्यांचा हात दोनदा भाजला होता."

11 मेच्या सकाळी ती पुण्याला गेली. जीप मी कोल्हापुरात आणली आहे. दर रविवारी तिला हँडल मारतो : तीन फेऱ्या कोरड्या, चौथी जोरात. फोन समोर धरतो, आणि पुण्याहून मामी आवाज ऐकून सांगते, "चांगलं चाललंय. पण सकाळी थंडीत जरा जास्त वेळ चालू ठेव."