जीपचा सायलेन्सर बदलताय? ताकद हवी, गोंगाट नको

"अब्बा, फक्त सायलेन्सर बदलायचाय. बाकी गाडीला हातही लावणार नाही."

आमच्या ओळखीच्या एका घरातला हा संवाद. वडिलांनी बरीच वर्षं आखातात काढली, परत आल्यावर दारात थार उभी केली. मुलाला डोंगर, नदी, समुद्राकाठची वाळू यांचा शौक. वडील म्हणाले, "तुझी गाडी, तुझी जबाबदारी." महिन्याभरात गाडीचा आवाज मोहल्ल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचू लागला. मग डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला, गाडी चढावर ओढेनाशी झाली, चलान आलं आणि शेवटी शेजारच्या खालांनी अम्मीला हळूच सांगितलं, "सुनेचं बाळ झोपेतून दचकून उठतं गं." चलानापेक्षा ते वाक्य घरच्यांना जास्त लागलं.

त्या मुलाची नीयत वाईट नव्हती. त्याला माहिती अर्धवट मिळाली होती. अशी घरं आज आपल्यात बरीच आहेत, म्हणून सायलेन्सर म्हणजे नेमकं काय, तो कधी बदलावा, बदललाच तर कसा निवडावा आणि कायदा काय सांगतो, हे आम्ही इथं सोप्या भाषेत मांडतोय.

धूर बाहेर पडेपर्यंत काय होतं?

इंजिनात इंधन जळतं, गरम वायू झटक्यासरशी बाहेर पडतो. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा असा झटका देतं. म्हणजे २००० आरपीएमला सेकंदाला सुमारे ६७ झटके. हे झटके तसेच बाहेर सोडले तर कान फाटतील. म्हणून मॅनिफोल्डपासून टेलपाइपपर्यंत एक साखळी असते. टर्बो असेल तर आधी टर्बो. त्यानंतर पेट्रोल गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बीएस-६ डिझेल गाडीत कॅटॅलिस्ट आणि काजळी अडवणारा डीपीएफ. मग रेझोनेटर, मागे मुख्य सायलेन्सर आणि शेवटी टेलपाइप.

यातलं कॅट आणि डीपीएफ हे धूर साफ करतात. रेझोनेटर आणि सायलेन्सर आवाज कमी करतात. गॅरेजमध्ये "सायलेन्सरचं काम" या एकाच नावाखाली दोन्हींना हात घातला जातो आणि घोटाळा इथंच होतो. वर सांगितलेल्या गाडीचं असंच झालं. आवाजासाठी मागचा डबा पोकळ केला, आणि "गाडी मोकळी पळेल" म्हणून डीपीएफही कापला. गाडीच्या कॉम्प्युटरला डीपीएफच्या सेन्सरकडून चुकीची माहिती मिळू लागली आणि त्यानं इंजिनाची ताकदच दाबून टाकली.

मोठा आवाज म्हणजे जास्त ताकद नाही

हा गैरसमज सर्वांत जुना. ऑफ-रोडिंगमध्ये गाडी कुठं चालते? चिखल, दगड, चढ. तिथं इंजिन साधारण १५०० ते २५०० आरपीएममध्ये असतं आणि लागतो तो खालचा टॉर्क. जिम्नीच्या १.५ लिटर पेट्रोल इंजिनाला टर्बो नाही. अशा इंजिनाला गरजेपेक्षा जाड पाइप लावला तर वायूचा वेग मंदावतो आणि नेमका हाच खालचा टॉर्क कमी जाणवू लागतो. टर्बो असलेल्या थारमध्ये टर्बोच्या पुढचा अडथळा कमी केल्यानं थोडा फायदा होऊ शकतो. पण इंजिनाची कॉम्प्युटर सेटिंग मूळचीच असेल तर नुसता मागचा डबा बदलून हाताला लागणारा फरक नगण्यच असतो. बदलतो तो आवाज, आणि आवाज वाढला की गाडी जोरात पळतेय असा भास होतो.

आणखी एक गोष्ट. टर्बो स्वतःच एक्झॉस्टचे झटके बरेच शोषून घेतो. म्हणून एकच "स्पोर्ट्स" डबा टर्बो डिझेलवर सौम्य वाटेल आणि बिनटर्बो पेट्रोलवर कर्कश. मित्राच्या गाडीवर ऐकून आपल्या गाडीसाठी ठरवू नका.

आवाजाचा हिशेब समजून घ्या

डेसिबलचा आकडा आपल्या नेहमीच्या गणितासारखा वाढत नाही. ३ डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट. १० डेसिबल वाढले म्हणजे ऊर्जा दहापट, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. त्यामुळे "फक्त दहानं वाढलाय" असं कुणी म्हणालं तर हसू नका, घाबरा.

मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो. पण आपल्या मोहल्ल्यातल्या अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून तो तसा उतरत नाही. जी गाडी समुद्रकिनाऱ्यावर "ठीक" वाटते, तीच गल्लीत आजारी माणसाच्या उशाशी आल्यासारखी वाटते.

तिसरा मुद्दा घुमण्याचा. चुकीच्या डब्यामुळे ठरावीक वेगाला गाडीत एक जाडसर घुमणारा आवाज भरतो. तो खालच्या पट्टीतला असतो, बंद खिडकीतून आणि भिंतीतूनही जातो. मोबाइलवरचं डेसिबल ॲप तो कमी दाखवतं, कारण नेहमीची मोजणी खालच्या पट्टीच्या आवाजाला कमी वजन देते. लांबच्या प्रवासात मागच्या सीटवरच्या आजीचं डोकं मात्र त्यानंच दुखतं.

कायदा काय म्हणतो?

इथं आम्ही स्पष्ट बोलतो, कारण दुकानात कुणी सांगणार नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे ती नोंदणीतल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळी ठरेल. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. कलम १८२अ (४) प्रमाणे परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि प्रदूषणाचे निकष मोडून गाडी चालवली तर कलम १९० (२) लागतं. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चा नियम १२० तर प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे असं सांगतो.

प्रवासी कारसाठी उत्पादनाच्या वेळी आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे. ती साडेसात मीटर अंतरावरून, चालत्या गाडीची मोजतात. दुसरीकडे ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. हे दोन आकडे वेगळ्या पद्धतीनं मोजतात, त्यांची थेट तुलना नको. पण रात्रीची शांतता किती जपायची असते, याचा अंदाज त्यावरून येतो.

दोन भ्रम दूर करू. पीयूसी मिळालं म्हणजे आवाजही पास झाला, असं नाही. तिथं धूर तपासतात. आणि डब्यावर युरोपचा ई-मार्क कोरलेला असला तरी ती आपल्या आरटीओची परवानगी होत नाही. पुणे, नागपूरसारख्या शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्याखाली महागडे डबेही होते.

विमा आणि वॉरंटीही लक्षात ठेवा. न कळवता केलेल्या बदलाचं कारण दाखवून कंपनी दावा अडवू शकते.

मग बदलायचा कधी?

नवी गाडी असेल, मूळ सायलेन्सर धड असेल तर आमचा सल्ला एकच: हात लावू नका. पण खरी गरज पडते. दगडावर आपटून डबा चेपतो. खाऱ्या हवेत तो गंजून भोकं पडतात. जुन्या जीपचा मूळ भाग मिळत नाही. अशा वेळी पुढच्या गोष्टी पाहा.

पहिलं, फक्त मागचा भाग बदला. कॅट किंवा डीपीएफच्या मागचा सायलेन्सर तेवढा. त्याच्या पुढच्या कशालाही कापू देऊ नका. शक्य असेल तर कंपनीचाच भाग घ्या, नाहीतर त्याच मापाचा आणि तेवढ्याच आवाजाचा.

दुसरं, डब्याच्या पोटात काय आहे ते विचारा. काही डब्यांत पडदे घालून कप्पे केलेले असतात, वायू वळणं घेत जातो आणि आवाज मरतो. काहींत सरळ जाळीदार नळी आणि तिच्याभोवती काचलोकर असते. ही लोकर काही वर्षांत जळून उडते आणि आज सौम्य असलेला डबा उद्या ओरडू लागतो. चिखलपाण्यात जाणाऱ्या गाडीत ती भिजून लवकर खराब होते. घरच्या गाडीसाठी कप्प्यांचा, मोठ्या पोटाचा डबा बरा. रेझोनेटर असेल तर तो ठेवाच, घुमणं तोच रोखतो.

तिसरं, पाइपचा व्यास मूळचाच ठेवा. "थोडा जाड टाकू का?" असं मिस्त्रीनं विचारलं तर नम्रपणे नाही म्हणा.

चौथं, धातू बघा. साधं लोखंड किनारपट्टीवर फार टिकत नाही. ॲल्युमिनियमचा थर दिलेलं स्टील त्याहून बरं. ४०९ ग्रेडचं स्टेनलेस वरून तांबूस होतं पण चालतं. ३०४ ग्रेड महाग, पण रत्नागिरी, अलिबागच्या खाऱ्या हवेत तेच जास्त टिकतं.

पाचवं, जागा बघा. थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर, जिम्नीचा २१०. नवा डबा चेसिसच्या खाली लोंबला तर ही उंची वाया गेली, पहिल्याच दगडावर तो सुटेल. टेलपाइप इंधनाच्या नळीपासून, ब्रेकच्या पाइपपासून आणि टायरपासून दूर असावा.

सहावं, धूर आत येता कामा नये. हा मुद्दा आवाजापेक्षाही महत्त्वाचा. टेलपाइप बॉडीच्या बाहेरपर्यंत गेलाच पाहिजे. अर्धवट कापलेला पाइप किंवा गळका जोड कार्बन मोनॉक्साइड गाडीत सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. कापडी टपाच्या गाडीत मागे बसलेल्या लेकरांना झोप येतेय असं वाटेल आणि कळणारही नाही. डोकं जड होणं, मळमळ असं काही जाणवलं तर लगेच थांबा, सगळ्यांना मोकळ्या हवेत उतरवा आणि डॉक्टरांकडे न्या.

सातवं, आगीचा धोका. डीपीएफ स्वतःला साफ करतो तेव्हा आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. उन्हाळ्यात सड्यावरच्या वाळक्या गवतात अशी गाडी उभी करू नका. मूळ पत्र्याची उष्णतारोधक कवचं काढून टाकू देऊ नका.

घरच्या घरी मोजणी

डबा काढण्याआधी मोकळ्या जागी गाडी उभी करा. टेलपाइपच्या तोंडापासून अर्धा मीटर दूर, ४५ अंशांच्या कोनात, पाइपच्याच उंचीवर मोबाइल धरा. एकाला ठरावीक आरपीएमवर इंजिन धरायला सांगा आणि आकडा लिहून ठेवा. नवा डबा बसल्यावर तीच जागा, तोच फोन, तेच आरपीएम. मोबाइल पोलिसांच्या मीटरइतका अचूक नसतो, पण आधीचा आणि नंतरचा फरक तो दाखवतो. आकडा वाढला तर डबा परत करा. म्हणूनच "आवाज वाढला तर परत घेणार का?" हे पैसे देण्याआधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या. जुना डबा लगेच भंगारात देऊ नका.

शेवटची तपासणी फोनची नाही. पहाटे थंड इंजिन सुरू करा, कारण गाडी तेव्हाच सर्वांत मोठ्यानं बोलते, आणि घरातल्या कुणाला तरी शेजाऱ्यांच्या भिंतीपाशी उभं करा. फजरला निघणाऱ्या माणसाच्या गाडीनं पूर्ण गल्ली उठता कामा नये.

त्या मुलाचं पुढं काय झालं? मूळ डबा गॅरेजच्या कोपऱ्यात पडून होता म्हणून परत मिळाला. डीपीएफ मात्र नवा घ्यावा लागला, आणि त्याचा खर्च ऐकून अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. गाडी आजही डोंगरात जाते, नदी ओलांडते. गल्लीत शिरताना मात्र कुणाला कळत नाही. खालांनी परवा विचारलं, "काय रे, गाडी विकलीस काय?" तो म्हणाला, "नाही खाला, दारातच उभी आहे."